सासूच्या नावानं केलेली सही

माझ्या सासूचं नाव मी सव्वीस वर्षांत एकदाही तोंडानं घेतलं नव्हतं. आमच्या मध्यप्रदेशातल्या सौंसरकडं सून सासूला आत्याबाई म्हणते. रेशनच्या दुकानात कोणी नाव विचारलंच तर शेजारणीला पुढं करते, ती सांगते. असं असून तेच नाव मी एका सरकारी रजिस्टरात चौदा मंगळवार लिहिलं आणि पुढं त्यांची सहीही ठोकली. आज सांगताना मला हसू येऊन राहिलं.

मी ब्लाउज शिवते. बाजाराच्या गल्लीत एका मशीनचं माझं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी एका लग्नघरी ब्लाउज पोचवून मी परत येऊन राहिली होती, संध्याकाळचे पाच वाजले असतील, चांगला उजेड होता. मागून मोटरसायकल आली. एकानं थैली ओढली, दुसऱ्यानं मंगळसूत्र, आणि मी थैली सोडली नाही म्हणून हातावर लोखंडी रॉड हाणला. माझा स्वभाव तसाच, सोडायचं म्हटलं की सोडवतच नाही. कोपराखाली हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात फुकटात पलिस्तर झालं, दीड-दोन महिन्यांत ते दोघं पकडल्या गेले, आणि घरचे-दारचे सगळे म्हणाले, चला, सुटलीस, आता विसर.

विसरायला मी काय कमी प्रयत्न केले? पण मशीन चालवताना आवाज होतो, आणि त्या आवाजात मागून कोण आलं ते ऐकू येत नाही. मग मी चार बोटं शिवण घालायची, पाय थांबवायची, कान द्यायची, पुन्हा चार बोटं. गल्लीत मोटरसायकल फटफटली की हातातली कैची खाली. एका दिवसाचा ब्लाउज चार दिवस पुरू लागला. एका मास्तरीणबाईंचा ब्लाउज तर मी असा कापला की मागचा खोल गळा पुढं आला. त्यांनी तो घालून पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "शाळेत शिकवायला जायचं आहे मले, बाई." त्या दिवशी दोघी हसलो, पण त्या गेल्यावर मी शटर अर्धं ओढून रडली.

आत्याबाई मला जामसांवलीला घेऊन गेल्या. मारुतीरायाच्या पायाशी बसली की खरंच बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण परत दुकानात तर मला एकटीलाच बसावं लागायचं.

मग केसच्या तारखेला भेटलेल्या एका महिला पोलिसानं सांगितलं की आता आपला पांढुर्णा जिल्हा झाला, तर सरकारनं एक केंद्र काढलं आहे. ज्यांच्यावर मारहाण झाली, चाकू चालला, लुटलं, त्यांच्या मनाच्या इलाजासाठी. पैसे लागत नाहीत. दर मंगळवारी पांढुर्ण्याहून एक मॅडम सौंसरला येऊन बसते. मी म्हटलं, मी काय पागल झाली का? ती म्हणाली, "हाड मोडलं तेव्हा लुळी झाली म्हणून दवाखान्यात गेली होतीस का? जाऊन तर पहा."

गेली. सरकारी कचेऱ्यांच्या मागं एक जुनी खोली, तिच्यात दोन खुर्च्या, एक पंखा आणि पाण्याचा माठ. बाहेर स्टुलावर रजिस्टर आणि रजिस्टरामागं चपराशी. त्याला पाहिलं आणि मी कोपऱ्यामागंच थांबली, कारण त्याच्या बायकोचे ब्लाउज मीच शिवते. तो बिचारा नेमका तेव्हा विडी प्यायला उठला, आणि पुढंही दर मंगळवारी त्याच्या विडीची वाट पाहूनच मी आत शिरली. नाव, गाव, सही, असे तीन रकाने. माझं नाव लिहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं की ब्लाउजवाली डोक्याच्या इलाजाला जाते, आणि मग माप द्यायला कोण येईल? पेन हातात घेऊन उभी राहिली, आणि जे नाव कधी तोंडानं घ्यायचं नाही तेच बोटांतून उतरलं.

मॅडम माझ्या भाचीच्या वयाची. बैतूलकडची, हिंदी बोलणारी, पण कानानं आमची मराठी उचललेली. करारावरची नोकरी, दरवर्षी मार्च आला की पुढच्या वर्षाचे पैसे येतात का नाही याची वाट पाहायची. आत गेल्यावर मी तिला माझं खरं नाव सांगितलं आणि रजिस्टरात दुसरं लिहिलं तेही सांगितलं. ती म्हणाली, "चालतं. आतलं आतच राहील. माझा शब्द आहे." तिला वाटलं असेल, एखादी बाई असं करते. तिला कुठं माहीत की आमच्याकडच्या सगळ्याच बाया असं करतात.

कारण पुढच्या महिन्यात मला तिथं भेटलेली नगरपालिकेतली ताई, जिनं भर बाजारात भावावर चाकू चालताना पाहिला होता, ती आपल्या नणंदेच्या नावानं सही करून राहिली होती. संत्र्याच्या वाडीच्या बांधावरून जिला दिरानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं होतं तिनं आपल्या जावेचं नाव लिहिलं होतं. कोणी कोणाला विचारलं नव्हतं. ज्या बाईवर जिचा राग, तिचं नाव तिच्या हाताशी.

घरी सांगायचं तेही सगळ्यांचं एकच, जामसांवलीला जाऊन येते. मंगळवार असल्यानं कोणाला शंकाही येत नव्हती. कुऱ्हाडवाली मात्र खरंच सकाळी दर्शन करून यायची आणि पुडीभर प्रसाद आणायची, तो आम्ही वाटून घ्यायचो, घरी दाखवायला. मी मारुतीरायाला आधीच सांगून ठेवलं होतं की बाबा, हिशोबात धरू नकोस. ताईच्या घरी बुद्धवंदना, ती जामसांवलीचं नाव कसं सांगेल? ती सांगायची, मीटिंग आहे. मी एकदा तिच्या हातावर प्रसाद ठेवला तर म्हणाली, "जयभीम. तुमचं खोटं तुम्हीच खा." आणि खोबऱ्याचा तुकडा तेवढा उचलला.

त्या खोलीत आम्ही जितकं रडलो तितकंच हसलो. मॅडम मला खुर्चीवर फार बसवायची नाही. ती मला रस्त्यावर न्यायची. पहिल्या मंगळवारी माठापासून फाटकापर्यंत. मागून गाडी आली की पळायचं नाही, थांबायचं, वळायचं, गाडीवाल्याच्या तोंडाकडं पाहायचं, मग चालायचं. पहिल्यांदा मी तिचं मनगट असं धरलं की तिच्या दोन बांगड्या फुटल्या. मग चौकापर्यंत. मग आलूबोंड्याच्या गाडीपर्यंत. आलूबोंड्याचे पैसे ती आपल्या पर्समधून द्यायची, म्हणायची, सरकारात याचं खर्चाचं हेड नाही. मी एवढ्या लोकांच्या तोंडाकडं वळून वळून पाहिलं की एक म्हातारा गाडी थांबवून विचारता झाला, "बाई, उधारी बाकी आहे का माही?"

आणि एका दुपारी मी एका बाहीची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाय न थांबवता, एका दमात घातली. शिवून झाल्यावर मला कळलं की थांबलीच नव्हती. मी तो कपडा तोंडाला लावला आणि मोठ्यानं हसली, समोरचा किराणावाला उठून पाहायला आला. इतक्या आनंदात मी माझ्या लग्नातही नव्हती.

आता झालं काय, मार्च तोंडावर आला आणि भोपाळहून पत्र आलं की लाभार्थ्यांची पडताळणी करा. पडताळणीवाला कागद घेऊन आमच्या अंगणात आला तेव्हा आत्याबाई सुपात तूर पाखडून राहिल्या होत्या. मी आत होती, तिथूनच ऐकलं.

"अम्माजी, आप पर कब हमला हुआ था?"

"माह्यावर?" आत्याबाई म्हणाल्या. "माह्यावर हात टाकणारा अजून जन्माले यायचा हाय."

"चौदा बार आपने इलाज लिया है. ये देखिए दस्तखत."

आत्याबाईंना लिहिता येते, चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी सही पाहिली आणि सूप खाली ठेवलं. मग त्यांनी जो तोंडाचा पट्टा सोडला तो पडताळणीवाला फाटकाबाहेर जाईपर्यंत थांबला नाही. मी आत इस्त्रीचा प्लग काढून उगाच उभी होती. बाहेर जाऊन "ती मी" म्हणायला दहा पावलं होती, आणि ती काही माझ्यानं चालल्या गेली नाहीत.

तीच गत ताईच्या नणंदेकडं, तीच कुऱ्हाडवालीच्या जावेकडं. ज्या ज्या बाईला विचारलं ती म्हणाली, मी गेलीच नाही. कागदावर आलं की यादी बोगस. पुढच्या वर्षाचे पैसे थांबले, खोली महिनाअखेर खाली करायची, आणि मॅडमवर चौकशी बसली की खोटी नावं लिहून सरकारचा पैसा खाल्ला.

हे मला ताईनं सांगितलं, दुकानात येऊन, उभ्याउभ्याच. मॅडमला वरच्या साहेबांनी बोलावून म्हटलं होतं, खरी नावं दे, तू सुटशील. मॅडम म्हणाली, ती नावं माझी नाहीत, मी देणार नाही. नोकरी गेली तर गेली.

मी ताईवरच भडकली. "तू कायले नाई सांगितलं जाऊन?"

"तू कायले नाई सांगितलं?" ताई म्हणाली.

त्या पोरीनं बांगड्या फोडून घेतल्या, स्वतःच्या पैशानं आलूबोंडे चारले, आणि आम्ही तिला चोर ठरवलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी ताईला म्हटलं, मंगळवारी पांढुर्ण्याला जनसुनवाई असते, कलेक्टर साहेब स्वतः तक्रारी ऐकतात, त्यांच्यासमोर जाऊ. ताई म्हणाली, ड्युटीची सुट्टी मिळाली तर येते. मी म्हटलं, नाही मिळाली तरी मी जाणार. बोलून तर बसली, पण त्या दोन रात्री काही झोप आली नाही.

मंगळवारी सकाळी मी पांढुर्ण्याच्या बसमध्ये चढली तर खिडकीजवळ आत्याबाई. नवं लुगडं, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत अर्ज.

"तू कुठं चालली?" त्यांनी विचारलं.

"अस्तर आणायचं आहे. तुम्ही?"

"जनसुनवाईले." त्यांनी अर्ज काढून दाखवला. तहसिलीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडून लिहून घेतला होता. माझे नाव पीडित महिलांच्या यादीतून काढण्यात यावे, आणि ज्याने लिहिले त्याचा शोध घेऊन कारवाई करण्यात यावी. कारवाईच्या खाली दोन रेघा. "सापडू दे फक्त," त्या म्हणाल्या, "हात नाई मोडला त्याचा तर नाव बदलीन."

तासभराचा रस्ता. खिडकीबाहेर संत्र्याच्या वाड्या, कपाशीची वाळलेली शेतं, आणि आत माझ्या शेजारी माझी सासू माझेच हात कसे मोडायचे ते मला समजावून राहिली. मध्येच पिशवीतून संत्रं काढून सोललं आणि अर्धं मला दिलं. मी ते कसं गिळलं माझं मला माहीत.

पांढुर्ण्याला उतरल्यावर अस्तराचं निमित्त काही टिकलं नाही. मी सरळ टोकनच्या रांगेत उभी राहिली. आत्याबाईंनी पाहिलं, भुवया चढवल्या, पण गर्दीत विचारलं नाही. माझं टोकन त्यांच्या आधीचं. हॉलमध्ये खुर्च्या भरलेल्या, कोणाचा बोअरवेल, कोणाचं जमिनीचं नामांतरण, कोणाचं रेशनकार्ड. ताई आली होती, भिंतीला टेकून उभी. मॅडम एका कोपऱ्यात फाईल मांडीवर घेऊन बसलेली, तिला त्याच दिवशी जवाब द्यायला बोलावलं होतं. तिनं मला पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून.

माझा नंबर आला. साहेब वयानं लहानच, चष्मेवाले. "बोलिए."

माझा तो न सोडायचा स्वभाव इथं कामी आला. "साहेब, त्या यादीत बोगस काही नाही," मी म्हटलं. "बाया खऱ्या आहेत, नावं खोटी आहेत. मी त्यातली एक. दोन वर्षांआधी मला लुटलं, हात मोडला, त्याचा केसनंबर हा. चौदा मंगळवार मी त्या खोलीत गेली. लाजेपायी सही दुसऱ्याच्या नावानं केली. मॅडमनं काही खाल्लं नाही, उलट आम्हाला खाऊ घातलं."

साहेब म्हणाले, "लेकिन इतना पैसा बातचीत पर..."

मग मात्र माझं डोकं तापलं. "साहेब, ज्यांनी मला मारलं ते जेलात आहेत. त्यांना दोन वेळचं जेवण कोण देते? सरकार. अंगावर पांघरूण सरकारचं, ताप आला तर गोळी सरकारची. द्या, मी नाही म्हणत नाही. पण जिनं मार खाल्ला तिच्यासाठी दोन खुर्च्या आणि एक पंखा, तेवढ्याचंच हेड तुम्हाला सापडत नाही? मी दीड वर्ष एक शिवण सरळ घालू शकत नव्हती. आता मी दिवसाला दोन ब्लाउज शिवते. या मोजायला."

मागं कोणीतरी "बराबर आहे" म्हटलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. रजिस्टराची झेरॉक्स पुढं ओढली. "ठीक है. आपने किसके नाम से साइन की? नाम बताइए, रिकॉर्ड में लेना पड़ेगा."

आणि तिथं मी अडकली. तोंड उघडलं, नाव येईना. सव्वीस वर्षांची सवय, जीभ वळतच नव्हती. साहेब वाट पाहून राहिले. शेवटी मी मान वळवली आणि पदर डोक्यावर घेऊन म्हटलं, "त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत ना, निळ्या लुगड्यातल्या. त्यांच्या."

आत्याबाई उठल्या. तशीही त्यांच्याच टोकनची पाळी होती. पिशवी सांभाळत पुढं आल्या, माझ्याकडं पाहिलंही नाही. मला वाटलं, आता भर सभेत कानाखाली बसते. मॅडमसुद्धा खुर्चीवरून अर्धी उठली.

"अम्माजी, आपका आवेदन?" साहेबांनी हात पुढं केला.

आत्याबाईंनी अर्ज पिशवीतून काढला. मग त्याची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि कमरेला खोचून टाकला.

"नाव राहू द्या साहेब," त्या म्हणाल्या. "हिचं बी लिवा आन् माहं बी राहू द्या. हे खोली मंगळवारी किती वाजता उघडते?"

साहेबांना काही कळलं नाही. मलाही नाही. ताई भिंतीपासून पुढं आली आणि म्हणाली, "मी पण आहे साहेब, नणंदेच्या नावावर." आणि मग मॅडम, जी इतके दिवस कोणासमोर रडली नव्हती, ती फाईलमध्ये तोंड खुपसून रडू लागली.

त्या दिवशी लगेच काही झालं नाही, सरकारी काम ते. पण साहेबांनी वर पत्र लिहिलं, चौकशी मिटली, आणि खोलीला आणखी एका वर्षाचे पैसे आले. रजिस्टरात आता नावाऐवजी नंबर लिहितात. एका वर्षाचेच आले, पुढच्या मार्चला पुन्हा जावं लागेल, आणि आम्ही जाऊ. यावेळी बस भरून जाऊ.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये तिगाव मागं पडल्यावर आत्याबाई अचानक म्हणाल्या, "मी तुले वाडीत संगं कायले नेत होती, तुले माहीत हाय?"

लग्न होऊन आल्यापासून त्या मला वाडीत ओढत न्यायच्या. शिवणकाम असो, अंगात ताप असो, "चाल माह्यासंगं". मी सव्वीस वर्षं समजत होती की त्या सासूपणा करून राहिल्या, मला घडीभर बसू देत नाहीत. मी तसं म्हटलंही.

"नाई वो माय," त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "मले तिथं एकटीले भेव वाटते. तू पोटातल्या पोटात शिव्या देत चालायची, पण तू असली म्हणजे मी जाऊ शकत होती."

वाडीत काय झालं होतं ते त्यांनी मला सांगितलं नाही. ते त्यांनी त्या खोलीत सांगितलं, तीन मंगळवार. मी बाहेर स्टुलाजवळ बसून ब्लाउजच्या बाह्यांना हातशिलाई घालायची, आणि चपराशी त्याच्या बायकोच्या ब्लाउजबद्दल विचारायचा.

परवा दुपारी मी दुकानातून घरी आली तर आत्याबाई घरात नाहीत. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, शेजारणीला विचारलं. तेवढ्यात त्या फाटकातून आत आल्या, पदरात दहा-बारा संत्री, लुगड्याला काटेकुसळं, तोंड उन्हानं लाल. वाडीत गेल्या होत्या. मी विचारलं, कोणासंगं? त्या पायरीवर बसल्या, पदर सोडला, संत्री अंगणात घरंगळली, आणि म्हणाल्या, "कोणी नोतं."

मी त्यांच्या शेजारी बसली. दोघींनी मिळून सगळी संत्री खाऊन टाकली, घरच्या कोणासाठी एकही ठेवलं नाही.